कापडाची कात्री

लेक: या ऑर्किडला ऊन थेट लागू देऊ नकोस, आणि रोज रोज पाणी तर अजिबात नको. मावशीनं दिलंय गं, जप. चल, गाडी सुटली.

दुकानदार: पांढरं साटीन? किती देऊ?
पहिली: हातभर पुरे.
दुकानदार: अस्तर लावायचंय?
पहिली: झाडाला.

लेक: आई! अजून टिकलीत फुलं? मावशी म्हणाली होती एव्हाना गळतील.
पहिली: तर! हाताचा गुण लागतो त्याला.

पहिली: हॅलो. मी पहिली बोलतेय.
दुसरी: पहिली कोण?
पहिली: तुमच्या नवऱ्याची.

दुसरी: येऊ का आत?

पहिली: आलाच आहात. पाय जपून टाका, टाचण्या पडल्या असतील.

दुसरी: ताई, मी काय म्हणत होते...

पहिली: ताई म्हणू नका.

दुसरी: मग काय म्हणू?

पहिली: काही म्हणू नका. झाड बघा. ते खाली आहेत का?

दुसरी: गाडीत बसलेत.

पहिली: बसू देत. माझ्या माहेरी गेलो तरी गाडीतच बसायचे.

दुसरी: माझ्याही.

पहिली: हे एक तुमचं पटलं मला. झाड तिकडं आहे, शिलाई मशीनमागच्या खिडकीत. फुलांना हात लावू नका. पानं बघा.

दुसरी: पानं अगदी मलूल झालीत. सुरकुत्या पडल्यात. पाणी किती घालता?

पहिली: लागतं तेवढं.

दुसरी: म्हणजे किती?

पहिली: सकाळी पेलाभर. मग शिवायला बसले, की मी चहा घेते तेव्हा त्याला एक पेला. आपण प्यायचं आणि त्यानं बघत बसायचं?

दुसरी: रोज?

पहिली: तुम्ही आठवड्यातून एकदा घालता, माहितीये मला. येता-जाता तेच ऐकते. मावशी एकदाच घालते, मावशी असं करते, मावशी तसं करते. म्हटलं, माझ्या घरी तरी उपाशी राहायला नको.

दुसरी: ते बुडालंय हो.

पहिली: आणि मावशी आईच्या बहिणीला म्हणतात. मला बहीण नाही.

दुसरी: नाव तिनं निवडलंय. मी सांगितलं नव्हतं.

पहिली: तेच तर.

दुसरी: हे कुंडीभोवती काय आहे? झालर?

पहिली: शिवली. प्लॅस्टिकची कुंडी, आतलं सगळं दिसत होतं. कुणी दिलेलं का असेना, नागवं ठेवायचं का ते?

दुसरी: कुंडी मुद्दाम तशी असते. याच्या मुळांनाही उजेड लागतो. शिवाय आत काय चाललंय ते आपल्याला दिसतं. मुळं रुपेरी झाली की तहान लागली, हिरवी असली की पोट भरलेलं. हे बघा.

पहिली: तपकिरी आहेत.

दुसरी: दाबा एक. हलकेच.

पहिली: शी! सालपट हातात आलं. आत नुसता दोरा.

दुसरी: कुजलीत. आणि ही वरची मुळं? दिलं तेव्हा बाहेर चांगली लांब मुळं होती.

पहिली: ती धागे सुटल्यासारखी लोंबत होती. दोन आत खोचली, दोन कापली. शिवणाऱ्या बाईच्या घरात धागे लोंबलेले कसे चालतील?

दुसरी: ते हवेतलं पाणी पितं त्यांनी.

पहिली: मग सांगायचं होतं ना!

दुसरी: कुणाला? तुम्ही माझा फोन उचलता?

पहिली: जगेल का, तेवढं बोला.

दुसरी: चार मुळं धडधाकट दिसतायत. कुंडीत मातीऐवजी भरलेली ओली साल झटकायची, कुजलेलं कापायचं, मी कोरडी साल आणलीय त्यात बसवायचं. कापलं तिथं थोडी दालचिनीची पूड लावायची. आणि ही फुलांची दांडी पिवळी पडलीय. हिरवी असती तर खालून दोन-तीन गाठी ठेवून वरच्या भागापुरती छाटली असती. ही बुंध्याशीच काढावी लागेल.

पहिली: दांडी राहू दे.

दुसरी: वाळलीय ती.

पहिली: फुलं आहेत तिच्यावर.

दुसरी: पाच.

पहिली: पाचच होती.

दुसरी: वाळलेल्या दांडीवर?

पहिली: तुम्ही चष्म्याच्या दुकानात बसता ना? दिवसभर दुसऱ्यांना अक्षरं वाचायला लावता. मग माझ्याकडून कशाला वदवून घेताय?

दुसरी: मी काही वदवून घेत नाही.

पहिली: साटीन आहे. झालं समाधान?

दुसरी: मधला तो पिवळा भाग?

पहिली: रेशमाचा दोरा. शिरा एकेरी धाग्यानं काढल्यात. आधी टाचण्यांनी लावली होती, मग टाके घातले.

दुसरी: सुरेख जमलीत.

पहिली: कौतुक नको. हसा एकदाचं.

दुसरी: हसण्यासारखं काय आहे?

पहिली: एक गळलं त्या दिवशी मी दाराला कडी लावून बसले. पोर फोटो मागते. काय दाखवू? मावशीच्या हातात होतं तेव्हा फुललेलं, आईच्या हातात आलं आणि मेलं, असंच दिसलं असतं ना? म्हणून एक शिवलं. मग दुसरं गळलं. मग थांबताच येईना. वरून ती म्हणते, आई, मावशीपेक्षा तुझ्याकडं जास्त टिकली. असं ऐकल्यावर कोण खरं बोलतं?

दुसरी: फुलं गळणारच होती. माझ्याकडं असती तरी गळली असती. फुलं गळली म्हणजे झाड मेलं असं नसतं.

पहिली: हे मला कोण सांगणार? फोन करून विचारायचं तुम्हाला?

दुसरी: आज केलात की.

पहिली: उद्या येतेय म्हणून. परगावची खोली सोडून, सगळं सामान घेऊन येतेय. कुठं उतरणार ते बोलली नाही. तुम्हाला बोलली?

दुसरी: नाही.

पहिली: खरं सांगा.

दुसरी: खोली आवरून ठेवलीय आम्ही. नवी चादर घातलीय. पण ती काहीच बोललेली नाही.

पहिली: कुठल्या रंगाची?

दुसरी: निळी.

पहिली: मी हिरवी घातलीय. तिला निळा आवडतो आता?

दुसरी: मला माहीत नाही. मी अंदाजानं आणली.

पहिली: हं.

दुसरी: तुम्हाला वाटतं, माझ्याकडं तिचं सगळं कसं छान चाललेलं असतं.

पहिली: येताना हसत येते, तेवढं मला दिसतं.

दुसरी: मागं तिच्या शर्टाचं बटण तुटलं. मी लावून दिलं. तिनं थँक्यू म्हटलं, खोलीत गेली, आणि नखानं दोरा तोडून बटण खिशात घातलं. मी दारातून पाहिलं. नंतर म्हणाली, आईला दुसऱ्याचा टाका लगेच कळतो, तिला वाईट वाटेल. मला वाईट वाटेल का, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

पहिली: करड्या रंगाचा शर्ट?

दुसरी: हो.

पहिली: त्याला जादा भोकं होती. मला वाटलं कारखान्याचीच चूक. मी म्हणालेसुद्धा, कुठल्या आंधळ्यानं लावलं होतं हे बटण.

दुसरी: ती काय म्हणाली?

पहिली: नुसतीच हसली.

दुसरी: बरं. कात्री द्या एखादी. माझी गाडीत राहिली.

पहिली: स्वयंपाकघरात आहे.

दुसरी: ही बोथट आहे. चेंगरलं तर चांगलं मूळही जाईल. ती टेबलावरची?

पहिली: तिला हात लावू नका! ती कापडाची आहे. कापडाशिवाय कशाला लागली नाही ती कधी. पोरीनं लहानपणी शाळेचा कागद कापायला मागितली, तेव्हाही दिली नाही. रडून रडून झोपली, तरी नाही.

दुसरी: ठाऊक आहे. अजून सांगते ती.

पहिली: तुम्हाला सांगते?

दुसरी: रागानं नाही सांगत. मी खाली जाऊन माझी घेऊन येते.

पहिली: थांबा. जाल, त्यांच्याशी बोलाल, ते वर यायचं म्हणतील. नकोच ते. घ्या ही.

दुसरी: नक्की?

पहिली: धार बिघडली तर लावून आणेन. आता विचार करायला वेळ देऊ नका मला.

दुसरी: आधी उकळत्या पाण्यातून काढू. एका झाडाची कीड दुसऱ्याला लागू नये म्हणून.

पहिली: माझ्या कात्रीला कीड?

दुसरी: रीत आहे.

पहिली: मी उकळते. तोवर तुम्ही साल झटका. आणि फुलं मी उसवणार. तुम्ही नाही.

(कात्री भांड्यात खडखडते. मग पहिली एकेक फूल उसवते आणि दुसरी कुजलेली मुळं कापते.)

पहिली: इतकंसंच उरलं?

दुसरी: चार मुळं आणि पाच पानं. पुष्कळ झालं. आता काही दिवस पाणीच नको. मग मुळं रुपेरी दिसली की एकदा भरपूर, आणि सगळं निथळू द्यायचं. बशीत पाणी साचायला नको.

पहिली: मी चहा घेताना?

दुसरी: तुम्ही एकट्याच घ्या.

पहिली: आणि फुलं?

दुसरी: पानं सावरू देत. पुढं रात्री गारवा पडायला लागला की येते एखादी नवी दांडी. नाहीतर नाही येत.

पहिली: तुमच्याकडं येते का?

दुसरी: माझं एक आहे, तीन वर्षं झाली. नुसती पानं. तिला दिलं ते दुकानातून फुललेलंच आणलं होतं.

पहिली: तीन वर्षं?

दुसरी: बरं वाटलं ना?

पहिली: थोडं. मी विचार करत होते, तिनं माझ्याकडं का ठेवलं असेल. या खिडकीमुळं असेल.

दुसरी: खिडकी आमच्याकडंही आहे.

पहिली: पूर्वेची?

दुसरी: पूर्वेची.

पहिली: मग बसा जरा. चहा टाकते.

दुसरी: ते खाली आहेत.

पहिली: असू देत की. सवय आहे त्यांना.

दुसरी: या फुलांचं काय करणार?

पहिली: उद्या तिच्यापुढं ठेवीन. झाडही असंच दाखवीन, बोडकं. मीच सांगेन तिला. तुम्ही आधी सांगायचं नाही.

दुसरी: नाही सांगणार.

पहिली: तिला अजून काहीच माहीत नाही. बिचारी रोज फोटो बघून खूश होते.

दुसरी: हो.

पहिली: तुम्हाला फोटो दाखवायची का?

दुसरी: दाखवायची. मी एवढं निरखून पाहिलं नाही.

लेक: (काही आठवड्यांपूर्वी, फोनवर) मावशी, कुणाला सांगणार नसशील तर सांगते. आईकडची खरी फुलं गळलीत. तिनं आज पाठवलेल्या फोटोत एका पाकळीतून टाचणी दिसतेय.