जिमीची मोकळी हवा

...तर म्हंजे कुत्र्याला मोकळी हवा पायजे म्हणून माणसांनी बिऱ्हाड उचलायचं, आणि वाडीनं हसायचं कुणाला, तर आमच्या हौशीरामाला! तुमाला सांगतो, उभ्या लोहगडवाडीत एवढा सरळ माणूस न्हाई. ह्यात हौशीरामाचं काय चुकलं, तुमीच सांगा!

तुंगार्लीच्या बंगल्यातलं शरच्चंद्र वकील माघात आलं. भात कवाच निघालेलं, मोकळं खाचर बघितलं, म्हणलं, "पाटील, चार दिवस इथं तंबू ठोकू म्हणतो. बरोबर प्राणी आहे, चालेल ना?" हौशीराम म्हणला, "चालंल की! आमी तरी दुसरं कोण हाय?" त्याला काय ठावं, की सगळा थाट त्या प्राण्यासाठनंच! जिमी, वीतभर पांढरा कुत्रा! जनावरांच्या डाक्टरनं म्हणं सांगितलं, बंगल्यात ह्याचं मन रमत न्हाई. म्हणून तंबू, खाट, गादी, मच्छरदाणी... वकिलीणबाई, वासंतीबाई, त्याला म्हणायच्या, "सोनुल्या, एक बिस्कीट खा रे, माझ्यासाठी!" ते ऐकून हौशीरामाची नंदाबाई चुलीपाशी फणकारली, "बावीस वर्सं झाली, मला कुणी 'खा' म्हणलं न्हाई!"

बरं, जिमीला तंबू पसंत पडावा? छ्या! तो सरळ गोठ्यात, चंद्री म्हशीच्या म्होरं जाऊन पसरला. आता चंद्री म्हंजे, तुमाला सांगतो... पहिलटकरीण, सोताच्या रेडकाला लाथ मारणारी, धार काढाय बसलं की बादली उडवणारी! ती जिमीला चाटाय लागली! आणि पान्हा असा सोडला, की दुसरं भांडं आणाय लागलं. घरात हौशीरामाची लेक बाळंतीण, अंगावर दूध न्हाई, तान्ही नात भुकेनं कळवळायची. ती त्या दिवशी बोंडल्यानं दूध पिऊन पोटभर निजली. हौशीरामानं कुत्र्याला हात जोडलं. ह्यात हौशीरामाचं काय चुकलं?

पर जिमी गोठ्यात म्हणल्यावर बाई गोठ्यात, बाई गोठ्यात म्हणल्यावर वकील गोठ्यात! खाटा दावणीला, आणि तंबूत नंदाबाईच्या कोंबड्या!

चार दिवसांनी गाडी जुंपली. जिमी जागचा हलंना, वकिलांनी उचलून नेला. गाडी वळली, आणि चंद्रीनं असा हंबरडा फोडला... आणि पान्हाच चोरला वो! थेंब देईना! ढेप झाली, मीठमोहऱ्या झाल्या, शेवटाला शेजारची बयाबाई म्हणली, "हौशीराम, तूच भुंकून बघ की!" आत नात टाहो फोडतीया... भुंकला बिचारा, गोठ्याचं दार लावून भुंकला! म्हशीनं मान वळवली न्हाई, पर दाराशी सारी वाडी गोळा झाली. आता ह्यात हौशीरामाचं काय चुकलं?

तिसऱ्या दिवशी त्यानं चालत तुंगार्ली गाठली. तितं काय, तर जिमीनं अन्न सोडलेलं, वासंतीबाईंचं डोळं रडून सुजलेलं! हौशीराम म्हणला, "वैनीसायेब, तेवढा कुत्रा द्या."

"तुम्हीच म्हैस द्या ना!"

"घरात तान्हं लेकरू हाय वो..."

"मग हा कोण आहे? हाही आमचं लेकरूच!"

दोघं बी पायरीवर बसून डोळं पुसाय लागलं. तवा वकील उठलं, कोर्टात उठावं तसं, कोट सारखा केला आणि म्हणलं, "जिमी जाईल. पण एकटा जाणार नाही!"

आता सगळं गोड झालंय म्हणा. चंद्री दूध देतीया, नात बाळसं धरतीया. पर गोठ्यात वकील, वकिलांचा आचारी, वकिलांचा ग्रामोफोन... आणि कामशेतचं लोक कज्जं घेऊन येत्यात ते शेण चुकवत गव्हाणीपाशी उभं ऱ्हात्यात! काल वाडीतल्याच भिमाजीनं इचारलं, "हौशीराम, पाव्हणं किती दिस ऱ्हाणार?"

हौशीरामानं शेणाची पाटी खाली ठेवली, गोठ्याकडं बघितलं, म्हणला, "म्हैस आटंस्तवर."

आणि म्हैस तर, तुमाला सांगतो, आत्ता संक्रांतीला व्यालीया!