नाशपातीची कलमं

झाडांचे रोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर पोस्टमनकाका लिंबाच्या पानांची पुडी घेऊन बसले होते. शेजारी एक म्हातारी आणि तिचा थोरला भाऊ. दोघांचा जीव टांगणीला लागला होता.

"दादा, निकाल वाईट आला तर?"

"तर नाशपाती तोडायची."

"आजीनं लग्न होऊन येताना बटाट्यात खोचून आणलेली काडी ती. डोंगरापलीकडून."

"नुसतं आपलंच झाड असतं तर मुकाट्यानं तोडलं असतं, माई. गावभर त्याचीच कलमं दिलीत आपण. घोर त्याचा लागलाय."

दार उघडलं. तपासनीस बाई बाहेर आल्या.

"नाशपातीवाले तुम्हीच ना? रोग आहे. झाड मुळासकट काढा. आणि ज्यांना कलमं दिलीत, त्यांना आजच कळवा."

"आजच?"

"आजच, आजोबा. वाऱ्यानं पसरतो तो."

बाई आत गेल्या.

"लिही, माई. शिंपी. डॉक्टरीणबाई."

"बेकरीवाला. आत्याकडे दोन."

"आपल्या धाकट्या भावाचंही नाव लिही."

"त्याला कुठं दिलं होतं आपण?"

"मी दिलं होतं. तुम्ही दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलंत, त्याच हिवाळ्यात."

"मला न सांगता?"

"तू देऊ दिलं असतंस?"

पेन थांबलं. काका उगाचच पुडीची घडी नीट करू लागले.

"लागलं का ते, दादा?"

"लागलं की. गेल्या साली पहिल्यांदा फळं धरली."

"गोड होती?"

"आपल्यासारखीच."

"नंबर दे त्याचा. त्याला मीच सांगते."