शिट्टीबंदीचा तमाशा

अहो, शिट्टीशिवाय तमाशा व्हतो का, राव? तुमीच सांगा! निमगाव सावाची जत्रा तोंडावर, अन् सरपंच भरतभाऊ माझ्या दुकानात येऊन म्हणतात, "सुभाषशेठ, तमाशा करा, पण दिवसा. अन् शिट्टी नाय वाजवायची!" का, तर उसात बिबट्या. शेण काढाय गेलेल्या साळुबाईला गोठ्याच्या दारातनं नेली त्यानं... तवापास्नं घरटी शिट्ट्या वाटल्यात. शिट्टी ऐकली का घरात पळायचं. बरोबरच हाय, मी कुठं नाय म्हणतो? पण शिट्टीशिवाय तमाशा...?

मी कापडवाला माणूस, पाचवी नापास, मला कशाला हा उद्योग? पण आमचा म्हातारा सोंगाड्या कुशाबा, छातीत पाणी झालेलं, डॉक्टरनं हात टेकलेले, माझ्या गादीवर बसून म्हणला, "शेठ, आज्याच्या वक्ताचा तमाशा एकदा करायचाय. माईक नाय, शिनेमाची गाणी नाय. मशालीचे हिलाल, ढोलकी, तुणतुणं. गवळणीतली मावशी मीच." पोटातला व्यापारी नको म्हणत व्हता, अन् तोंड म्हणलं, हा!

तुम्हाला सांगतो, भर दुपारी हिलाल पेटवले! ऊन कुठलं अन् हिलाल कुठला, कळंना. कुशाबा लुगडं नेसून आला... आमच्याच दुकानचं... अन् काय मुरडला हो! किस्नाला म्हणतो, "मेल्या, तुझ्यापरीस बिबट्या बरा, तो रोज तरी आडवा येत नाय!" लोकांच्या पोटात हसू, पण ओठ शिवलेले. कोण हसणार? साळुबाईचा ल्योक पुढंच बसलेला. सारा जन्म शिट्ट्यांवर जगलेला म्हातारा, त्याला वाटलं आपण पडलो. दम लागला, आवाज चिरकला, माझ्याकडं बघाय लागला... अन् माझी दोन बोटं कधी तोंडात गेली, आईशप्पथ, कळलंच नाय!

झालं! "बिबट्या! बिबट्या आला!" द्रौपदावहिनी नातू काखंत मारून पळाल्या, ढोलकीवाला ढोलकी टाकून पळाला, भरतभाऊ देवळात शिरले अन् आतनं कडी! मांडवात उरलो मी अन् मावशी. म्हातारा मटकन बसला. हसला, खोकला, परत हसला. "शेठ, लई शिट्ट्या घेतल्या म्या, पन एका शिट्टीत गाव उठवणारे तुमीच! बसा आता." अन् उरलेली गवळण माझ्या एकट्यासाठी म्हणली.

पुढच्या आठवड्यात गेला. चितेपाशी उभा व्हतो. शिट्टीशिवाय तमाशा व्हतो का, राव? मग कुशाबाला शिट्टीशिवाय कसा पोचवायचा? बोटं ओठांपर्यंत गेली. भरतभाऊ कानाशी आले, "शेठ... नको."

खिशात घातली बोटं. नायतर खांदेकरी पळायचे, अन् म्हातारा परत मोकळ्या मांडवात!