ओहोळापलीकडचं माहेर

चहा निवायच्या आत सांगते. माझं सासर आणि माहेर यांच्यामध्ये फक्त एक ओहोळ आहे. बोईसरला कारखाने वाढत होते, त्या वर्षांत दोन्ही गावांची मिळून एकच ग्रामपंचायत केली, आणि पाटीवर नाव राहिलं ते सासरच्या गावाचं.

भाताची लावणी उरकली तशी मी चार दिवस माहेरी जायला पिशवी भरली. ओटीवर बसलेले सासरे म्हणाले, "कुठं चालली? आता गाव एकच हाय. कसलं माहेर नि कसलं काय."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मामा, गाव एकच, तर मग तुमचा पोरगा पण सासुरवाडीतच पडून हाय."

आता सासूबाईंच्या शिव्या खायच्या म्हणून मी मान खाली घातली, तर त्या सुकटीची पुरचुंडी घेऊन बाहेर आल्या आणि ती माझ्या पिशवीत कोंबली.

"जा गो," त्या म्हणाल्या. "तुज्या गावाचं नाव गेलं, गाव तरी हाय. माजं माहेर होतं तिथं कारखाना झालाय. बाजाराला जाताना मी दरवेळी फाटकापाशी थांबते. वॉचमन इचारतो, किससे मिलना है?"