तांब्याचा रेडिएटर

स्पेअर पार्टच्या दुकानात उत्तरा स्कूटीच्या आरशासाठी थांबली होती, पण कान शेजारच्या नवरा-बायकोकडे लागले होते. नरखेडकडून आलेल्या त्या दोघांना जुन्या जीपसाठी रेडिएटर हवा होता.

"अॅल्युमिनियमचा घ्या ना. हलका आहे, इंजिनबी थंड ठेवते," बाई नवऱ्याला म्हणाली.

"तांब्याचाच बरा वं."

"काहून? जुनाबी तांब्याचाच होता, दर संत्र्याच्या हंगामात गळे."

"गळला तर कथील वितळवून झाळ मारता येते. अॅल्युमिनियमले गावात कोणी झाळ मारत नाही."

"तांब्याले कोण मारते?"

"शालिकराम."

"सख्खा भाऊ तुमचा. पण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बिनसलं तवापासून तुम्ही त्यायच्याशी बोलून नाही राहिले."

"झाळीपुरतं बोलतो."

"काय बोलता?"

"कुठं गळते ते दाखवतो. झाळ थंडी होयेपर्यंत तो चहा सांगते. मंग पोरांचं इचारते."

उत्तराचा आरसा आला होता, तरी ती हलली नाही.

"दादा, हा तांब्याचा कधी गळन?" बाईने दुकानदाराला विचारलं.

"काळजीच नको ताई. चार-पाच वर्षं थेंब नाही गळणार."

बाईने नवऱ्याकडे पाहिलं आणि दुकानदाराकडे वळली.

"मंग एखादा वापरलेला असन तर दाखवा. तांब्याचाच."