मावशीच्या वीस नकला

(मोनाली कॉलेजच्या कम्प्युटर लॅबमध्ये, लॅबचे निवृत्त शिपाई शालिग्राम आणि त्यांची बायको राधाबाई अधारतालच्या घरी. फोन स्पीकरवर.)

मोनाली : काका, सगळं गेलं! अकराला बाहेरचे परीक्षक येणार आणि वीसपैकी एकही मशीन उठत नाहीये. माझं पहिलंच प्रॅक्टिकल, नोकरी जाईल हो माझी!

शालिग्राम : रडू नका, मॅडम. आधी सांगा, 'आई'ले हात लावला का?

मोनाली : लावला. अपडेट टाकला. मग तिच्याच वीस नकला काढल्या.

शालिग्राम : काहून लावला जी? रिटायर होताना किती बजावलं होतं, तिले चालूच नाही करायचं!

राधाबाई : कोणाची आई हो?

शालिग्राम : अवं, कम्प्युटर आहे. खरा नाही, फाइलीतला. एक नीट बनवायचा न् पोरायसाठी त्याच्या नकला काढायच्या. तोच बिघडला तं वीसही बिघडलेलेच निघतीन.

मोनाली : काका, पंचवीस मिनिटं उरलीत फक्त.

शालिग्राम : अच्छा, कमांडची काळी खिडकी उघडा. मशीनची यादी मागा. सगळ्यात खाली 'मावशी' दिसते?

मोनाली : हो! ही कधी बनवली?

शालिग्राम : शेवटच्या दिवशी. म्हटलं, मॅडम नव्या आहेत, आईची एक चांगली नक्कल झाकून ठेवावी. आता बिघडलेल्या वीस काढून टाका. मग क्लोनच्या कमांडमध्ये आईच्या जागी मावशी लिहा, न् एक ते वीस फेरा लावा. हातानं वीसदा टाइप करत नका बसू.

मोनाली : लावला... तीन... चार... अरे, भराभर होतायत! थांबा, पहिलं चालू करते. उठलं! काका, उठलं! पाया पडते तुमच्या.

शालिग्राम : राहू द्या जी. उपकार तं तुमचे आहेत.

मोनाली : माझे कसले?

शालिग्राम : सरलोक गेले का मी एकटा बसून शिकलो हे. पण तीस वर्षं मले सगळ्यायनं चाव्या न् चहाच मागितला. कमांड विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या.

मोनाली : काका, परीक्षेच्या फॉर्मवर 'लॅब कोणी तयार केली' असा रकाना आहे. पूर्ण नाव सांगा.

शालिग्राम : तुमचंच लिहा न.

मोनाली : नाही लिहिणार. सांगा.

शालिग्राम : शालिग्राम महादेव वानखडे.

मोनाली : लिहिलं.

शालिग्राम : मॅडम, जरा मोठ्यानं वाचता का? आमची राधा ऐकून राहिली.