जुळ्या भावाचा रिपोर्ट

सकाळी सव्वाआठ वाजता चिखलीच्या एका लॅबमध्ये रक्त काढणाऱ्या नाजिशताईंच्या हातातली सुई पाहून प्रसेनजितने हात मागे घेतला. त्याच्यामागे नंबर लावून उपाशीपोटी बसलेल्या शकूरचाचांनी घड्याळाकडे पाहिलं.

"नाजिशताई, माह्या जुळ्या भावाचा रिपोर्ट लावा ना मले. एकाच मुशीतले आहो आम्ही."

"हा मागच्या वर्षीचा आहे, दादा," त्याने पुढे केलेला कागद पाहून नाजिशताई म्हणाल्या.

"मंग? नॉर्मल आहे."

"आन् परवाचा काऊन नाही आणला?" त्याची बायको मंजुश्री म्हणाली. "भाऊजीची शुगर तीनशे निघाली ना."

"तो येगळा आहे. त्याले चहात तीन चमचे साखर लागते."

"तुमाले?"

प्रसेनजित नाजिशताईंकडे वळला. "ताई, जुळे खरंच सेम असते का?"

"एकसारख्या जुळ्यांचे जीन्स जवळपास सारखे असतात. पण पोटात वाढतानाच बारीकसारीक बदल होतात. तंतोतंत नसतात."

"ऐकलं? तंतोतंत नाही," प्रसेनजित बायकोला म्हणाला.

"म्हणूनच तुमचं येगळं काढा."

"काढू दे ना बाप्पा," शकूरचाचा म्हणाले, "मले भूक लागली."

शेवटी प्रसेनजितने हात पुढे केला. रिपोर्ट दुपारी चारला मिळणार होता. शकूरचाचा रक्त देऊन खाली आले, तेव्हा चहावाला प्रसेनजितला साखर किती ते विचारत होता आणि प्रसेनजित बायकोकडे पाहत होता.